जुळवणी माझी होती, दादा

दादा, तुझ्या तेराव्याला गुलमंडीला अँप्लिफायरचं दुकान असलेल्या वामनरावांनी तुझ्या हाताची फार तारीफ केली. ओसरीत पंधरा-वीस माणसं बसली होती आणि मी आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ते म्हणाले, मारुतीनं ट्रान्झिस्टर नुसता हातात घेतला तरी त्याला कळायचं की हा कुणाच्या जोडीला बसेल. देणगी होती ती, शिकून येत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, त्याची कला त्याच्याबरोबर गेली.

तू असतास तर तुला हसू आलं असतं, कारण ट्रान्झिस्टर हातात घेऊन तुला काही म्हणजे काही कळायचं नाही. वायरी जोडताना कथलाचा डाग तू सुबक द्यायचास. मशीनची घरघर कुठून येते ते तुझा कान बरोबर शोधायचा. पत्र्याच्या पेटीला तुझ्याइतकी सरळ भोकं या शहरात कुणी पाडत असेल असं मला वाटत नाही. पण जुळवणी माझी होती. अकरा वर्षं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि वहिनीला माहीत होतं. त्या दिवशी तू नव्हतास, वहिनी भिंतीला टेकून बसली होती ती मान वर करत नव्हती, आणि मी नेहमीसारखी दाराआड होते. म्हणून वामनराव म्हणाले ते तसंच राहिलं.

आज महिना झाला. तुझ्या वहीत पुढून तुझी सर्किटं आहेत आणि मागून माझे आकडे. मधे बरीच पानं कोरी राहिली आहेत, त्यांच्यावर लिहिते आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. असताना तरी तू कुठं पुरतं भांडू दिलंस? माझं बोलणं अर्ध्यावर आलं की तुला बाहेर काम निघायचं. आता ऐकून घे.

आधी एक लिहून ठेवते, कारण पुढं मी रागानं लिहिणार आहे. नवऱ्याचं घर सोडून मी पिशवी घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा तू एकच विचारलंस, जेवलीस का. दुसरं काही विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. गल्लीनं विचारलं, नात्यातल्यांनी विचारलं, तू नाही. हे मी विसरलेले नाही. रागात असले तरी नाही.

तेव्हा तू चितेगावच्या कारखान्यात जायचास आणि सुटीच्या दिवशी मुकुंदवाडीच्या या ओसरीत अँप्लिफायर बांधायचास. मी आले त्याच महिन्यात तुझं तिसरं मशीन जळालं. तू ते उघडून बसला होतास. चपट्या पत्र्यावर गोल टोपी बसवावी तसे दिसणारे दोन ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी होते. एक मेलेला, एक धडधाकट. मी भाजी निवडत होते. मी विचारलं, दोघं एकाच कामाला होते तर एकटाच कसा मेला?

तू वैतागला होतास, तरी नीट सांगितलंस. म्हणालास, एका जुवाला दोन बैल जुंपले आणि एक जोरकस निघाला तर ओझं त्याच्याच खांद्यावर येतं. बैल निदान दमतो तरी. हा असा की ओढून तापला की आणखी ओढतो, मग आणखी तापतो, आणि मरतो. मग सगळं दुसऱ्यावर.

"मग आधी पारखून का नाय लावीत?"

"पारखायचं काय त्यात? एकाच डब्यातले, एकाच नंबरचे. दिसत नाय का तुला, सगळे सारखे हायेत."

मी म्हटलं, "आण्णांची मेंढरं बी लोकांला सारखीच दिसायची."

ते तुझ्या डोक्यात राहिलं. आपल्या बापाची नजरच तशी होती, आण्णा दोनशे मेंढरांतलं एक चुकलं तर कोणतं ते मोजायच्या आधी सांगायचे. मी त्यांच्यामागं सहा वर्षं फिरले. मलाही सांगता यायचं.

पुढच्या सुटीच्या दिवशी तू वहिनीचा पोळपाट उचललास. त्याच्यावर काट्याचं मीटर बसवलंस, खाली टॉर्चचे सेल, तीन चिमटे आणि एक बटण. ट्रान्झिस्टर, आपण त्याला तुकडा म्हणायचो, तो चिमट्यांत धरायचा, बटण दाबायचं, काटा कुठं थांबला ते लिहायचं. ज्यांचा काटा एकाच जागी थांबतो ते एकमेकांचे. वहिनीनं नवीन पोळपाट येईपर्यंत चार दिवस उलट्या ताटावर पोळ्या लाटल्या आणि दर पोळीला तुला ऐकवलं. तू मान खाली घालून जेवलास. मला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून दिलेस. एका खळग्यात एक तुकडा आणि त्याच्या आकड्याची चिठ्ठी. टोपीवरच आकडा लिही असं तू म्हणायचास, पण टोपीवर शाई टिकत नव्हती, पुसून जायची. म्हणून चिठ्ठी खळग्यातच राहिली.

माझ्या हातची पहिली जोडी घातलेलं मशीन टिकलं. तुला एवढा आनंद झाला की तू चप्पल घालून निघालास. म्हणालास, गुलमंडीला जातो, वामनरावांना सांगतो कुणी जुळवलं ते. मी तुला दारात अडवलं. म्हटलं, माझं नाव काढू नको. नवऱ्याला सोडून आलेली बाई म्हणून आधीच बोलतात, त्यात पुरुषांच्या मशीनीत हात घालते म्हणून आणखी कशाला. तू म्हणालास, "बरं."

दादा, एवढ्या लवकर बरं म्हणायला नको होतंस.

मग नूरभाईंचं मशीन. खुलताबादचे नूरभाई, उरुसाला आणि लग्नांना स्पीकर भाड्यानं लावणारे. त्यांचं आपल्याकडचं पहिलंच काम. थंडीचे दिवस होते. मी निम्मे तुकडे सकाळी उठल्या उठल्या तपासले आणि निम्मे स्वयंपाक उरकून. जोड्या लावल्या. उरुसात कव्वाली रंगात आली असताना मशीन बसलं. म्हणे कव्वाल नुसत्या गळ्यावर गात राहिला आणि मागच्या लोकांनी नूरभाईंना नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी ते मशीन स्कूटरवर बांधून घेऊन आले. भांडले नाहीत. तुझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मशीन गई सो गई मारुतीभाई, इज्जत बी ले गई."

ते गेल्यावर तू आत आलास. मी भांडी घासत होते. तू हळू आवाजात म्हणालास, "चौथी शिकल्याल्या बाईच्या हातात दिलं, ही माझीच चूक."

ओरडून म्हणाला असतास तर मी विसरून गेले असते.

मी चौथीच का शिकले, दादा? गुरुजी घरी आले होते, पोरगी हुशार आहे म्हणाले. आण्णा म्हणाले, व्हय, हाय हुशार, पण दोघांपैकी एकालाच शहरात ठेवता येईल, आणि मेंढरांमागं कुणीतरी पाहिजे. आपण एकाच वर्गात होतो, तू पाचवीला औरंगाबादला गेलास आणि मी रानात. तुझा यात दोष नव्हता, तू अकरा वर्षांचा होतास. पण ते वाक्य म्हणताना तू अकरा वर्षांचा नव्हतास. हे मी तेव्हा म्हणाले नाही. आज म्हणते.

आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू कारखान्यात गेलास की उरलेले तुकडे पुन्हा लावून बघायचे. सकाळी लावायचे, चिठ्ठी टाकायचे, दुपारी परत लावायचे. सकाळचा आकडा दुपारी जुळेना. आधी वाटलं, सेल उतरले असतील. पण सेल उतरले तर काटा खाली यायला पाहिजे, हा वर जात होता. एक दिवस उपास होता, भाकरी केल्या नाहीत, आणि त्या दिवशी आकडे जवळजवळ जुळले. मग डोक्यात आलं. मी तव्यासमोरून उठून तशीच मीटरपुढं बसायचे. पंधरा भाकरी थापून आणि भाजून हात कढत झालेले असायचे. तुकडा उचलून चिमट्यांत लावेपर्यंत तो माझ्या हाताची ऊब प्यायचा आणि काटा वर चढायचा. सकाळचे गार तुकडे आणि दुपारचे गरम तुकडे मी एकमेकांचे म्हणून दिले होते. चूक माझीच होती. पण चौथीची नव्हती. सातवी शिकलेल्या बाईनं भाकरी केल्या असत्या तर तिचीही झाली असती. भाकरी न करणाऱ्याची मात्र कधीच झाली नसती, आणि म्हणून तुला ती सापडलीही नसती.

रविवारी मी तुला बस म्हटलं. आठ दिवसांतला पहिला शब्द. तुकडा लावला आणि म्हटलं, वाच. तू बेचाळीस वाचलंस. मी तो काढून मुठीत धरला, तुझा चहा होईपर्यंत. परत लावला. तू एकोणपन्नास वाचलंस. मग तू स्वतः मुठीत धरलास. मग फरशीवर ठेवून निवू दिलास आणि परत लावलास. बेचाळीस. तू म्हणालास, "आयला."

बास. त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी बाजारातून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन आलास आणि माझ्यापुढं ठेवलेस, तुकडे धरायला. मी समजले की ही माफी आहे. मी ती घेतली, कारण चिमटे चांगले होते.

त्यानंतर आपला कायदा ठरला. तुकडे आदल्या दिवसापासून एकाच फरशीवर, एकाच ट्रेमध्ये. हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचे. भाकरी नंतर. आणि एक तुकडा कायमचा बाजूला काढलेला, तो कधी विकायचा नाही. दर दहा तुकड्यांनंतर आधी तो लावून बघायचा. त्याचा काटा हलला तर आपलं काहीतरी चुकतंय. आण्णांच्या कळपात गळ्यात घंटी बांधलेला बोकड असायचा, त्याच्यावर नजर ठेवली की कळप कुठं चाललाय ते कळायचं. म्हणून मी त्या तुकड्याला बोकड म्हणायचे. तुला ते इतकं आवडलं की तू दारातूनच विचारायचास, "चंदे, बोकड काय म्हणतो आज?" शेजारच्या काकूंना वाटायचं आपण खरंच बोकड पाळलाय.

हे दिवस चांगले होते. मी नाही म्हणत नाही. नूरभाईंचं मशीन आपण परत बांधून दिलं, आणि मग त्यांनी सिल्लोडपर्यंत आपलं नाव नेलं. आपलं म्हणजे तुझं.

वामनरावांना ती देणगीची गोष्ट कुणी सांगितली तेही मला माहीत आहे. तूच. मी आत भाजी चिरत होते. ते विचारत होते, मारुती, तुझी मशीनं तापत कशी नाहीत, माझ्याकडं तेच तुकडे, तेच सर्किट. आणि तू हसून म्हणालास, "हाताला कळतं रे." मी विळीवर बोट कापून घेतलं. खोल नाही. पण कापून घेतलं.

ते गेल्यावर मी विचारलं, का सांगत नाहीस? तू म्हणालास, "तूच म्हणली व्हतीस ना, नाव काढू नको."

"त्याला किती वर्षं झाली?"

"मग मला काय म्हाईत तुझं मन बदललं? तू कधी बोलतीस का?"

मी बोलत नाही हे खरं आहे. पण दादा, त्या दिवशी तुला कळलं होतं ना? पुढच्या खेपेला वामनराव आले तेव्हा तरी सांगायचंस. तू सांगितलं नाहीस, आणि मी परत विचारलं नाही. तुला ते सोयीचं होतं आणि मला लाज होती. दोघांनी मिळून माझं नाव लपवलं. अर्धा राग माझ्यावर आहे. उरलेला अर्धा तुझा, आणि तो तू मेलास म्हणून मी सोडणार नाही.

आणि ते शेवटचं भांडण. मी किती दिवस तुला सांगत होते की काही जोड्या मीटरवर एकसारख्या निघतात, पण मशीनमध्ये जोर आला की त्यांतला एक जास्त तापतो. मोकळ्या रानात जोडीनं चालणारे बैल चढाला वेगळे होतात. म्हणून प्रत्येक तुकडा दोनदा बघायचा, एकदा हलक्या ओझ्याला, एकदा जड. पोळपाटावर दुसरं बटण आणि दुसरा रेझिस्टन्स लाव, एवढंच काम. तू म्हणालास, जड ओझ्याला तुकडा बघता बघता तापतो, काटा सरकत जातो, तू वाचणार कुठं? मी म्हटलं, बटण दाबून तीन मोजायचे आणि वाचायचं. सगळ्यांना तीनच. म्हणजे सगळे सारखेच तापलेले असतील.

"घड्याळ नाय, काय नाय. तुझ्या तोंडचं एक-दोन-तीन."

"माझं एक-दोन-तीन तुझ्या घड्याळापेक्षा बरं हाय."

तू उठलास. म्हणालास, लोकांना लग्नात नाचायला आवाज पाहिजे, चंदे, त्यांना काय करायचंय तुझं हलकं नि जड. नूरभाईंच्या नव्या मोठ्या मशीनचं काम पडलं होतं, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार, आठ तुकडे एकमेकांसारखे हवे होते. मी म्हटलं, निदान याला तरी. तू म्हणालास, सोमवारी बघू.

सोमवारी तुझ्या छातीत कळ आली.

दवाखान्यात तुझ्या उशाशी मी दोन दिवस होते. तू डोळे उघडायचास आणि मी विचारायचे पाणी देऊ का. दुसरं काही बोलणं मला सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही.

आता तेराव्यानंतरचं सांगते. दोन दिवसांनी वामनराव आणि नूरभाई आले. वामनराव भल्या मनानंच आले होते. वहिनीला म्हणाले, नूरभाईंचं मशीन अर्धं आहे, मी दुकानात नेऊन पुरं करतो, मारुतीचं काम अडायला नको. सुटे तुकडे पण नेतो, इथं पडून गंजतील. वहिनी म्हणाली, न्या भाऊ. त्यांनी पेटी बाहेर ठेवली. मग अंड्यांचा एक ट्रे उचलला आणि पिशवीत ओतला.

तीस तुकडे, दादा. खडखडत गेले. चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या. मी दाराआडून बघत होते. जुळवून ठेवलेलं काम माझ्या लाजेपायी पिशवीत गेलं. त्यांनी दुसरा ट्रे उचलला तेव्हा मी बाहेर आले.

"ओतू नका."

माझा आवाज त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला असेल. ते ट्रे धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, ताई, सगळा एकच माल आहे, मी बघतो लावून. मी म्हटलं, एक नाही. मी जुळवलेत ते. त्यांनी माझ्याकडं, दुःख झालेल्या माणसाकडं बघतात तसं बघितलं. "मारुती जुळवायचा, ताई. त्यानं स्वतः मला सांगितलंय."

आणि तेव्हा वहिनी बोलली. पंधरा दिवसांत तिनं हो आणि नाही याशिवाय काही म्हटलं नव्हतं. ती भिंतीला टेकूनच म्हणाली, "भाऊ, माझा पोळपाट गेला तो या बाईपायी गेला. ते त्याच्यापुढं एक दिवस बसले नाय."

वामनराव हसले नाहीत, पण त्यांना पटलंही नाही. पिशवीत हात घालून त्यांनी दोन तुकडे काढले आणि माझ्यापुढं धरले. मग सांगा, हे दोघं जोडीचे आहेत का. हातात घेऊन सांगा.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझा राग कामाला आला. मी म्हटलं, हातात घेऊन कुणालाच कळत नाही. दादालाही कळत नव्हतं. हातात घेतलं तर उलट बिघडतं. मी परीक्षा देणार नाही. नूरभाईंचं मशीन इथंच पुरं होईल. गुरुवारी या, तासभर भरपूर आवाजात वाजवा, आणि मग आठही टोप्यांना हात लावून बघा.

नूरभाई उंबऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "रख दो वामनराव. आपा बोल रहे सो सुनो." मग मला म्हणाले, गुरुवार बोले तो गुरुवार? मी म्हटलं, गुरुवार.

ते गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, मी काय बोलून बसले? ती म्हणाली, "आता बसा जुळवत, वन्सं. भाकरी मी करते."

दुसरं बटण मी लावलं, दादा. तुझी डाग द्यायची सळई तापवून. पहिले दोन डाग शेणाच्या गोळ्यासारखे झाले, आणि बोट पोळलं. तिसरा बरा झाला. पिशवीतले तीसच्या तीस परत फरशीवर निवायला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून लावले. हलक्या ओझ्याला अकरा सारखे निघाले. तू त्यातले कोणतेही आठ उचलले असतेस. मग जड ओझं. बटण दाबायचं, एक, दोन, तीन, वाचायचं. अकरातले दोघं कळपातून फुटले. त्यातला एक तर एवढा वर गेला की मी त्याला तीनदा निववून बघितलं. नऊ राहिले. त्यातले आठ घेतले. तुकड्यांखाली अभ्रकाचे पापुद्रे घालून ते पान्यानं आवळले आणि वायरी तुझ्या सर्किटाप्रमाणं एकेक ताडून लावल्या. वहिनी वही धरून वाचत होती आणि मी डाग देत होते. बुधवारी पहिल्यांदा वीज दिली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. घरघर होती. ती कुठून येते ते शोधायला मला सगळी दुपार लागली. तुला दहा मिनिटं लागली असती, आणि त्या दुपारी मला तुझी इतकी आठवण आली की मी सळई खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले. जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, एक वायर चुकीच्या जागी होती. मग ती काढून नीट लावली.

गुरुवारी नूरभाईंनी त्यांचे मोठे स्पीकर अंगणात लावले. वामनरावांनी आवाज पुरा केला. तासभर सगळी गल्ली भिंतींवरून बघत होती. शेजारच्या काकू कानांवर हात ठेवून उभ्या होत्या, पण घरात गेल्या नाहीत. मग वामनरावांनी बंद केलं, झाकण काढलं, आणि एकेका टोपीला बोटांची मागची बाजू लावली. एका टोकापासून आठव्यापर्यंत. मग उलटं, आठव्यापासून पहिल्यापर्यंत.

"सारख्याच हायेत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मारुतीच्या मशीनमध्ये बी एखादी जरा कढत असायचीच."

ऐकलंस? तुझ्या मित्राच्या तोंडून ऐक. ती एखादी कढत टोपी मी तुला किती दिवस सांगत होते. त्या भांडणात तू हरलास, दादा. मी तुला बरोबर ठरवून मोकळी होणार नाही. लोक गेलेल्या माणसाला सगळ्याच बाबतीत बरोबर करून टाकतात. तू चुकलास आणि तू माझा भाऊ होतास, दोन्ही मी धरून ठेवणार आहे.

नूरभाईंनी विचारलं, लोग पूछते किसने बनाया, क्या बोलूं मैं? सगळे माझ्याकडं बघत होते. तेराव्याला कुणीतरी म्हणालं होतं ते मला आठवलं, कला त्याच्याबरोबर गेली. मी पदर घट्ट धरला होता आणि पायांकडं बघत होते, पण म्हटलं. पेटी आणि सर्किट मारुतीचं. जुळवणी चंद्रकलाची. पुरं नाव सांगितलं, आण्णांच्या नावासकट. नूरभाईंनी ते एकदा म्हणून बघितलं, बरोबर आहे का म्हणून. वामनराव म्हणाले, ताई, माझ्याकडं पण शंभरेक तुकडे पडून आहेत, आणले तर बघाल का. मी म्हटलं, आणा. पण ओतून नका आणू.

मग मी आत आले आणि रडले. तू गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, सगळे म्हणत होते हिचं काळीज दगडाचं. रागानं ते अडवून धरलं होतं. बाहेर नूरभाईंनी मशीन परत चालू केलं, पुऱ्या आवाजात, खिडकीची तावदानं हलत होती. वहिनी माझ्याजवळ येऊन बसली आणि तीही रडली. मी तोंडावर पदर घेतला नाही. अकरा वर्षांत या घरात मी एवढा मोठा आवाज काढला नव्हता.